बांगडीचं माप

सेंट थॉमस बेटावर गाडी डाव्या बाजूनं चालवतात. मुलूख अमेरिकेचाच, डॉलर तोच, पोस्टाची निळी पेटी तीच, पण रस्ता डावा. त्यात गंमत अशी की गाड्या सगळ्या अमेरिकेतून आलेल्या, म्हणजे स्टिअरिंगही डावीकडेच. मी पुण्यात सात वर्षं डावीकडून स्कूटर चालवली आणि न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत सहा वर्षं उजवीकडून गाडी. विमानतळाबाहेरच्या पहिल्याच वळणावर दोन्ही सवयी एकदम जाग्या झाल्या आणि मी रस्त्याच्या मधोमध थांबलो. मागच्या टॅक्सीवाल्यानं हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

"भूषण, काहीतरी एक ठरव," हर्षिता म्हणाली. "डावं म्हण नाहीतर उजवं म्हण. मधलं नको."

हर्षिता माझी बायको, नागपूरची. मागच्या सीटवर माझी आई जाईबाई, सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेली, आणि आमची पाच वर्षांची आम्रपाली. तिला आम्ही आमू म्हणतो. साल २००३, एप्रिल महिना, आमूच्या शाळेला सुट्टी.

मी टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं काम. त्या वर्षी अशी एक चूक सापडली की साहेब खूश झाले आणि कंपनीनं चार दिवसांची ही सहल बक्षीस दिली. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, गडी भोळा दिसतोय. मी भोळा नाही. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा आमच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावल्यात. देवदेव, अंगात येणं, उतारा, हे आमच्या घरात चालत नाही. शिवाय आमच्या धंद्यातला नियमच आहे, जे पुन्हा करून दाखवता येत नाही ते झालं असं लिहायचं नाही. तरी मी लिहितोय. कारण मला कुणाचे तरी आभार मानायचे आहेत आणि त्यांचा पत्ता माझ्याकडे नाही.

डेन्मार्कनं हे बेट १९१७ साली अमेरिकेला विकलं, पण गाव तसंच ठेवून गेले. बंदरावर तांबडा किल्ला, जाड भिंती, कमानी, हिरवी लाकडी दारं, रस्त्यांना डॅनिश नावं. गावाच्या डोक्यावर, डोंगराच्या उतारावर आमचं रिसॉर्ट होतं, 'लोटस लेज'. दगडी पायऱ्या चढत वर गेलं की युरोप संपायचा आणि आशिया सुरू व्हायचा. कुठला आशिया, ते मात्र कुणी ठरवलेलं नव्हतं. छपरं बालीची, कंदील जपानी, वेटरांचे सदरे चिनी गळ्याचे, आणि सगळीकडे गवती चहाचा वास. आमच्या व्हिलाचं नाव मेकाँग. शेजारची इरावदी.

बाथरूममध्ये कमोडशेजारी बुद्धाचं डोकं होतं आणि त्यावर टॉवेल घातलेला. हर्षितानं ते उचललं, आपल्या ओढणीनं पुसलं आणि कपाटावर उंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी साफसफाईवालीनं परत खाली आणलं. हर्षितानं परत वर नेलं. "चार दिवस करीन," ती म्हणाली, "पण टॉवेल नाही ठेवू देणार." मॅनेजर ब्रेंडाला माझं पूर्ण नाव बुद्धभूषण आहे हे कळल्यावर इतका आनंद झाला, की ती मला 'मिस्टर बुद्धा' म्हणायला लागली. मी दोनदा दुरुस्ती सुचवली आणि मग नाद सोडला.

ती शिळा आम्हाला पहिल्याच दुपारी दिसली. जेवणाचा मंडप डोंगराच्या कडेवर होता, खाली लाकडी फळ्यांची जमीन, तिन्ही बाजू उघड्या, समोर समुद्र. कोपऱ्यातल्या खांबाला लोखंडी पट्ट्यांनी एक काळा दगड ठोकला होता. हातभर उंच, दोन हात रुंद. त्याच्यावर सात बाया ओळीनं उभ्या, हातात हात घालून. चेहरे झिजलेले. दगडाच्या डोक्यावर ऑर्किडची कुंडी आणि खाली पितळी पाटी: 'सात नर्तकी, आग्नेय आशिया.'

आई चालता चालता थांबली.

"भूषण, नाचणाऱ्या न्हाईत ह्या. आसरा हायेत."

साती आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. नदीच्या डोहावर, विहिरीच्या काठाला त्यांचा दगड असतो. भर दुपारी बाराला पाण्यावर जाऊ नये, आसरा ओढून नेतात, असं आमच्याकडे प्रत्येक पोराला सांगतात. मलाही सांगितलं होतं. मी म्हटलं, "असतील गं तशाच काहीतरी. चल, जेवून घेऊ."

आई हलेना. तिनं दगडाच्या उजव्या कोपऱ्यावर हात फिरवला. तिथं कड खोल झिजली होती, वाटीसारखी गोल. आईची बोटं तिथं बरोबर बसली.

"हितं माझी आई विळ्याला धार लावायची," ती म्हणाली.

आईचं माहेर नीरेच्या काठी. गावच्या पाणवठ्यापासून खाली, लांब, आमच्या लोकांचा पाणवठा. तिथं हा दगड होता असं तिचं म्हणणं. छप्पन साली तिचे वडील, राजाराम आजोबा, नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. आल्या आल्या घरातले सगळे देव त्यांनी टोपलीत भरले आणि नदीला नेले. आई तेव्हा बारा वर्षांची, ती बरोबर गेली होती. टाक, मूर्ती गेल्या, आणि शेवटी चौघांनी मिळून हा दगड उचलून डोहात सोडला. आजोबा काठावर उभे राहून म्हणाले होते, "तुमचं घर पाणी. जावा घरी. आमचं-तुमचं भांडण न्हाई."

"मग ह्यांना भाईर कुणी काढलं?" आई मला विचारत होती, जसं काही मीच काढलंय.

मी टेस्टरसारखं बोललो. म्हटलं, आई, अशा शिळा महाराष्ट्रात हजारो असतील, आणि कोपरा कुठल्याही दगडाचा झिजतो.

"असतील हजार," आई म्हणाली. "माझ्या आईचा इळा येकच हुता."

मग तिनं ऑर्किडची कुंडी उचलून खाली ठेवली, माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि दगडावर ओतली. मला खरंच राग आला. मी दबक्या आवाजात म्हटलं, "आई, आपण हे सगळं सोडलंय ना?"

"सोडलंय. हात जोडले का म्या? कुंकू लावलं का?" तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "वाळून कोळ झाल्यात बाया. गावच्या हिरीवर आमच्या वंजळीत वरनं पाणी घालायचे, ते बी त्यांच्या मनाला आलं तर. दोन-दोन तास हुभं ऱ्हायचो. तान काय असती मला ठावं हाय. तानलेल्याला पाणी द्यायला कंच्या धम्मानं नको म्हटलंय, सांग की!"

मी रिकामी बाटली तिच्या हातून घेतली.  पण एक गोष्ट पाहिली ती सांगतो. बाटली अर्ध्या लिटरची होती, पूर्ण भरलेली. ती सगळी दगडावर रिकामी झाली आणि खालच्या फळीवर एक थेंब आला नाही. मी वाकून फळीवर हात फिरवला. फळी उन्हानं तापलेली, कोरडी. दगड पाणी शोषतो, असं मी स्वतःला सांगितलं. आपला सह्याद्रीचा काळा दगड पाणी शोषत नाही हे मला ठाऊक होतं, तरी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिथंच जेवत होतो. पायांखालून आवाज यायला लागला. धप, धप. मध्ये थांबायचा, पुन्हा धप, धप. हर्षितानं घास तसाच धरला.

"कुणी कपडे धुतंय का खाली?"

मंडपाच्या मागं आयझॅक हॉज नावाचा म्हातारा उभा होता. तिथलाच बेटावरचा माणूस, पाण्याची सगळी व्यवस्था त्याच्याकडे. त्याला विचारलं तेव्हा त्यानं समजावून सांगितलं. या बेटावर नदी नाही, एकही नाही. म्हणून प्रत्येक इमारतीच्या पोटात टाकी असते आणि छपरावरचं पावसाचं पाणी तिच्यात उतरतं. मंडपाखालची टाकी रिसॉर्टमधली सगळ्यात मोठी, तेरा फूट खोल. कोरड्या दिवसांत ट्रकनं पाणी आणून भरतात.

"म्हणजे हा पंपाचा आवाज," मी म्हटलं. कारण सापडलं की मला बरं वाटतं.

हॉजनं टोपी काढून डोकं खाजवलं. "पंप मी साडेअकराला बंद करतो, सर. हा दगड आल्यापासून बाराला मी तिकडं थांबत नाही."

संध्याकाळी आई आमूची वेणी घालत होती. आमू आपला उजवा हात डाव्या हातानं दाबून बघत होती, बोटं जवळ घेऊन, अंगठा आत मुडपून.

"काय करतीस गं?" आईनं विचारलं.

"द आंटी डिड धिस," आमू म्हणाली. "लाइक धिस. अँड शी सेड, स्मॉल."

आईच्या हातातली वेणी सुटली. लग्नाकार्यात कासार बांगड्या भरायला येतो तेव्हा आधी हात असाच दाबून बघतो, माप कळायला. आमूनं कासार कधी पाहिलेला नव्हता. तिचा जन्म न्यू जर्सीतला.

"कुटली आंटी? कुटं भेटली?"

"बाय द स्टोन. शी वॉज ऑल वेट."

"आन् तू हात दिलास तिला?"

आमूनं मान डोलावली.

आमू झोपल्यावर आई माझ्यासमोर येऊन बसली. मी तिला एवढं घाबरलेलं बाबा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. म्हणाली, "भूषण, ज्याचं माप घेत्यात त्याला बांगडी भरत्यात. आन् ज्याला बांगडी भरली ते त्यांचं झालं. पोरीला मागत्यात त्या. उद्याच्या उद्या निघू हितनं."

मी चिडलो. फार चिडलो. म्हटलं, कुणीतरी पोहून आलेल्या पाहुणीनं पोरीचा हात धरला असेल, आणि तू छप्पन सालाच्याही मागं निघालीस. राजाराम आजोबांना काय वाटलं असतं?  आई उठून जाताना फक्त म्हणाली, "तू म्हनतोस तसंच असू दे बाबा. तुझ्या तोंडात साखर पडो."

हे वाक्य मला पुढं फार दिवस टोचत राहिलं.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता मी खाली गावात पाण्याच्या बाटल्या आणायला गेलो आणि पाऊण तासानं परत आलो, तर मेकाँगमध्ये धूरच धूर. सांगायला लाज वाटते, पण अमेरिकेत आपले लोक हॉटेलात उतरले की बॅगेत कुकर आणि छोटी शेगडी असतेच. आम्हीही आणली होती. आईनं भात लावला होता, दही कालवलं होतं, आणि त्यावर मोहरी-हिंगाची फोडणी, वर चार सुक्या मिरच्या. मिरच्या जळल्या. छतावरचा भोंगा कोकलायला लागला. इरावदीतून दोन म्हातारे अमेरिकन टॉवेल गुंडाळून बाहेर पळाले.

"दहीभात कुणासाठी?" मी खोकत विचारलं.

"निम्मा आपला," आई म्हणाली. "निम्मा त्यांचा. पोरीच्या बदल्यात."

तेवढ्यात ब्रेंडा आली, पाठोपाठ तीन माणसं. मी दारात उभा राहून माझ्या उत्तम इंग्रजीत माफी मागायला लागलो. हर्षिता खिडक्या उघडत होती. आईला खोकल्याची उबळ आली म्हणून ती बाहेर पायरीवर जाऊन बसली. कुणीतरी भोंगा बंद केला. एकदम शांत झालं.

"आमू कुठाय?" हर्षितानं विचारलं.

मी घड्याळात पाहिलं. बाराला एक मिनिट होतं.

पायरीवर आई नव्हती.

मी पळालो. तिच्या चपला वाटेत पडल्या होत्या, एक इकडे, एक तिकडे. साठीची बाई, गुडघे दुखणारी, ती त्या उतारावरून अनवाणी गेली होती. मंडपाच्या मागं टाकीचं चौकोनी तोंड होतं आणि त्यावरचं झाकण अर्धं सरकवलेलं होतं. ट्रक येणार म्हणून हॉजनं ते उघडलं होतं, आणि भोंगा ऐकून तो तसाच वर धावला होता.

आई जमिनीवर पालथी पडली होती. हात खांद्यापर्यंत आत.

"पुरंना रं!" ती ओरडली. "हात पुरंना!"

मी आत डोकावलो.

पाणी काळं होतं. काठापासून चार फूट खाली. त्या पाण्यात आमू उभी होती. कमरेपर्यंत पाण्यात, कमरेपासून वर कोरडी. दोन्ही हात बाजूंना लांब केलेले, जसं दोन्हीकडून कुणी धरलंय. ती रडत नव्हती.

मी शिडीबिडी बघितली नाही. आत सोडलं स्वतःला.

पाय टेकले नाहीत.

मी खाली जात राहिलो. नाकातोंडात पाणी गेलं. हात मारून वर आलो तेव्हा आमू माझ्या शेजारी होती. तशीच उभी, कमरेपर्यंत.

मी तिला धरलं. ती हलकी लागली, फुलासारखी. मग वरून हॉजचा हात आला, आणि मी तिला उचलणार तेवढ्यात ती एकदम पोरीच्या वजनाची झाली. खालून कुणी हात काढून घ्यावा तशी.

बाहेर आल्यावर हर्षितानं तिला अशी कवटाळली की कुणाला हातच लावू देईना. मी उन्हात बसून नाकातोंडातलं पाणी काढत होतो. पण सवय जात नाही. हॉजला म्हटलं, बांबू घाल. त्यानं बांबू घातला, आमू उभी होती बरोबर तिथं. पाण्याच्या पातळीपासून तळापर्यंत नऊ फूट. काठाला कट्टा नाही, पायरी नाही, पाइप नाही. मी स्वतः चारही बाजूंनी टोचून पाहिलं.

"आय वॉज नॉट स्केअर्ड, बाबा," आमू म्हणाली. "दे हेल्ड मी."

"कोणी?"

"सिक्स आंटीज. द अदर वन वेंट टु कॉल आजी."

मी आईकडे पाहिलं. आई ओल्या जमिनीवर बसून दम खात होती. म्हणाली, "पायरीवर बसले हुते. मागनं बाई बोलली, जाये, पळ, पोर पान्यात हाय. मागं वळून न्हाई बघितलं म्या. अशा येळी बघायचं नसतं."

'जाये' म्हणून हाक मारणारं माणूस आता जगात कुणी उरलेलं नाही.

मग हर्षितानं आमूचा उजवा हात वर केला. मनगटात एक बांगडी होती. हिरवी, काचेची, साधी. आत पाण्याचे बारीक थेंब.

मी देवाला मानत नाही. त्या दुपारीही मी कुणाला हात जोडले नाहीत, आणि आईनंही नाही. पण माझी मुलगी माझ्यासमोर दहीभात खात होती, त्याच दहीभातातला, आणि म्हणत होती, आजी, इट्स टू स्पायसी. मला रडू आवरेना. चांगला धाय मोकलून रडलो, ब्रेंडासमोर. ती बिचारी पांढरी पडली होती. आपल्यावर खटला होणार एवढंच तिच्या डोळ्यांपुढं असावं. पुनःपुन्हा विचारत होती, मिस्टर बुद्धा, आम्ही तुमच्यासाठी काय करू शकतो?

"तो दगड," मी म्हटलं, "पाण्यात सोडायचाय."

तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

हॉजनं खांबावरच्या पट्ट्या कापल्या. मी, हॉज आणि ब्रेंडाच्या दोन माणसांनी दगड उचलून टाकीच्या तोंडाशी आणला. दोर बांधला. आईनं उरलेला निम्मा भात पानात घालून पाण्यावर सोडला. मग ती आपल्या वडिलांचंच बोलली, पण थोडं बदलून. "तुमचं घर पाणी. जावा घरी. आमचं-तुमचं भांडण न्हाई. आमी तुमचं लई देणं लागतो."

दोर सोडायला लागलो. मी मोजत होतो, कारण मी मोजतोच. पाच फूट. नऊ फूट. तेरा. आता टेकेल म्हटलं. चौदा. सतरा. वीस फुटांचा दोर होता. त्याचं टोक हॉजच्या हातातून सुटलं आणि आवाज न करता आत गेलं. हॉजनं छातीवर क्रूस काढला आणि झाकण लावलं.

चौथ्या दिवशी आम्ही निघालो. परत येताना मी गाडी डाव्या बाजूनं नीट चालवली.

पार्सिपनीला आल्यावर ती बांगडी काढायचा प्रयत्न झाला. हर्षितानं साबण लावला, तेल लावलं. निघेना. डॉक्टरनं अंगठी कापायचं छोटं चाक आणलं, त्याचे दात गेले, काचेवर ओरखडा उठला नाही. "राहू दे," हर्षिता म्हणाली. "त्रास देत नाही ना? राहू दे." आई भारतात परतताना विमानतळावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "बांगडी भरली म्हंजी त्यांची झाली पोर. पर धाडलीया त्यांनी आपल्याकडं. किती दिवसासाठी, ते मला ठावं न्हाई बाबा. माप बघत जा."

तेव्हापासून मी आमूच्या दर वाढदिवसाला, नोव्हेंबरात, बांगडीचा आतला व्यास मोजतो. त्यासाठी व्हर्नियर कॅलिपर विकत घेतलाय. पहिल्या वर्षी चव्वेचाळीस मिलिमीटर. पुढच्या वर्षी सेहेचाळीस. मग सत्तेचाळीस, एकोणपन्नास, एक्कावन्न. काच वाढत नसते हे मला कुणी सांगायला नको. दर वर्षी दोनदा मोजतो, यंदा आकडा तोच राहिला तर काय, म्हणून. दर वर्षी वाढलेला आकडा दिसतो आणि मी जिन्यात जाऊन थोडा वेळ बसतो.

यंदा, २००८ च्या नोव्हेंबरात, आमू अकरा वर्षांची झाली. केक कापायच्या आधी मी तिला स्वयंपाकघरात बोलावलं.

कॅलिपर त्रेसष्टवर थांबला. साडेत्रेसष्ट. मी तीनदा मोजलं.

मी पुण्याला फोन लावला. तिकडे सकाळ होती. आईला मिलिमीटर सांगून उपयोग नव्हता, म्हणून इंचात सांगितलं. "आई, अडीच इंच."

 पलीकडून आई ओरडलीच. "अडीच म्हंजी माझ्या हाताचं माप हाय, येड्या. थोर बाईच्या हाताचं. म्हातारी हुस्तवर ऱ्हातीया पोर आपल्याकडं. रडतोस कशाला? त्यांना पाणी ठेव."

मी फोन ठेवला. आमू अजून तिथंच उभी होती, हात पुढं करून. तिचा हात अजून काडीसारखा आहे. त्याच्याभोवती ती मोठी हिरवी बांगडी. मी म्हटलं, "हात खाली नको करू हं बाळा. मोठी झालीय, पडून फुटेल."

"इट वोंट, बाबा," ती म्हणाली आणि हात सरळ खाली सोडला.

बांगडी पडली नाही. मनगटाच्या जागी तशीच राहिली, आडवी. मी खाली वाकून पाहिलं. हाताच्या चारी बाजूंनी बोटभर फट होती. बांगडी तिला कुठंही टेकलेली नव्हती.

"सी? दे आर होल्डिंग इट."

हॉलमधून हर्षितानं केकसाठी हाक मारली. आमू पळाली. मी नळ सोडला, ग्लास काठोकाठ भरला आणि खिडकीत ठेवला.